ताईंना विचारा: शाळेच्या मैदानावरून मदतनिधी कसा उभा करायचा?

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही मुलुंडच्या एका शाळेत नववीत आहोत, पाच मैत्रिणी. आमच्या वर्गातल्या एका मुलीला तिसरीत असताना ब्लड कॅन्सर झाला होता, परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये ट्रीटमेंट झाली, आता ती एकदम ठणठणीत आहे आणि खो-खोच्या टीममध्ये पण आहे. ती सांगते की तिच्या वॉर्डात बाहेरगावची खूप मुलं होती आणि त्यांच्या आईबाबांना मुंबईत राहायला जागाच नसायची. अशा मुलांसाठी डिसेंबरमध्ये शाळेत खेळांचा कार्यक्रम करून पैसे जमवायचे असं आमचं ठरलंय. कोणी म्हणतं मॅरेथॉन, कोणी बॉक्स क्रिकेट, कोणी खो-खो. मोठ्या बाई म्हणाल्या आधी नीट लिहून आणा, मग बघू. पण काय लिहायचं तेच कळत नाहीये. मैदान लहान आहे, शाळा दोन अधिवेशनांत भरते.
– नववीतल्या पाच जणी, मुलुंड

उत्तर: मुलींनो, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि खरंच खूप बरं वाटलं. मोठ्या बाईंनी नाही म्हटलेलं नाहीये, त्यांनी लिहून मागितलंय, म्हणजे अर्धं काम झालंय असं समजा.

पण सगळ्यात आधी एक काम करा, त्या मैत्रिणीला शांतपणे एकटीला विचारा की तिच्या आजारपणाची गोष्ट सगळ्या शाळेला सांगितलेली तिला चालेल का, तिच्या आईबाबांना चालेल का. ती नको म्हणाली तर पोस्टरवर, माईकवर कुठेच तिचा उल्लेख नको, तिच्याशिवायही तुमचा कार्यक्रम तितकाच चांगला होईल. आणि वॉर्डातल्या मुलांचे फोटो तर अजिबात लावू नका.

मग मोठ्या बाईंच्या कागदावर पहिली ओळ कोणती, तर पैसे नक्की कोणाला आणि कशासाठी. "कॅन्सरच्या मुलांसाठी" एवढं पुरत नाही. लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरमध्ये जो प्रकार सगळ्यात जास्त दिसतो त्याची ट्रीटमेंट साधारण दोन ते तीन वर्षं चालते, आणि तेवढा काळ विदर्भातून, बिहारमधून, बंगालमधून आलेलं कुटुंब पुन्हा पुन्हा मुंबईत येत राहतं. औषधाला कुठून तरी मदत मिळते पण राहणं, जेवण, लोकल-टॅक्सीचं भाडं, हे रोजचं असतं. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे असे पेशंट आणि त्यांची माणसं राहतात, तुमच्यापैकी कोणी दादर ईस्टला उतरत असेल तर एखाद्या मोठ्या माणसाबरोबर जाऊन बघून या. अशा एखाद्या रजिस्टर्ड संस्थेला आधी भेटा, त्यांना विचारा की तुम्हाला आत्ता काय कमी पडतंय, आणि ते जे सांगतील तेच तुमचं टार्गेट. "एवढ्या कुटुंबांचं महिनाभराचं जेवण" असं ठरलं की देणाऱ्यालाही कळतं आपण काय देतोय.

संस्था आधी ठरवायला सांगते त्याला दुसरंही कारण आहे. आपल्याकडे पाच जणींनी मनाने डबा घेऊन लोकांकडून वर्गणी काढायची असं चालत नाही, गणपती मंडळांनासुद्धा वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडून १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते. म्हणून पैसे ज्या संस्थेला द्यायचेत तिचं लेखी पत्र घ्या आणि तिचंच पावती पुस्तक वापरा, क्यूआर कोडही तिच्याच खात्याचा. कोणाच्या दादाच्या नाहीतर मावशीच्या फोनवर पैसे घ्यायचे नाहीत, कितीही सोपं वाटलं तरी नाही.

आता खेळ. लहान मैदान असेल तर मॅरेथॉन विसरा आणि फेऱ्यांची दौड घ्या. फक्की मारून शंभर मीटरची गोल पट्टी आखा, वीस मिनिटं वेळ, ज्याला पळायचं त्याने पळावं, ज्याला चालायचं त्याने चालावं. फेऱ्या मोजायला दर फेरीला मनगटात एक रबरबँड, शेवटी रबरबँड मोजले की झालं, भांडण नाही काही नाही. ज्यांना दम्याचा किंवा दुसरा काही त्रास आहे त्यांना रबरबँड वाटायला आणि मोजायला बसवा, ते काम महत्त्वाचंच आहे.

खो-खो मात्र नक्की ठेवा, ती मैत्रीण खेळते म्हणून नाही, तर खर्च जवळपास शून्य आणि बघायला गर्दी हमखास म्हणून. हिशोब करून देते. एका संघात बारा जण, मैदानात नऊ. सोळा संघ घेतले की १९२ मुलं खेळली. नॉकआउट ठेवलं तर एकूण पंधरा सामने होतात. पूर्ण डाव खेळवत बसू नका, प्रत्येक संघाला पाच मिनिटांचं एकच आक्रमण, म्हणजे दहा मिनिटं खेळ आणि पाच मिनिटं अदलाबदल, पंधरा सामन्यांना पावणेचार तास. सात वाजता सुरू केलं तर पावणेअकराला संपतं, दुपार अधिवेशनाची मुलं यायच्या आत मैदान मोकळं. बॉक्स क्रिकेटला टर्फचं भाडं द्यावं लागतं, जमलेले पैसे तिथेच जातील. आणि एक दिवस दौड, एक दिवस खो-खो असं ठेवा, एकाच सकाळी दोन्ही कोंबलं तर पीटीचे सर वैतागतील.

वार शक्यतो शनिवार. रविवारी मेगाब्लॉक असला की डोंबिवली-कल्याणकडून येणारे आईबाबा आणि नातेवाईक अडकतात. डिसेंबर चांगलाच आहे, ऑक्टोबरच्या उन्हात हे करायचं नाही. जानेवारीवर ढकललंत तर तिसरा रविवार सोडा, त्या दिवशी मुंबई मॅरेथॉन असते आणि तुमचे निम्मे हौशी पळणारे पालक तिकडे सीएसएमटीला असतील. पिण्याचं पाणी, केळी, चिक्की, ग्लुकोज, प्रथमोपचाराची पेटी, पालकांपैकी एखादे डॉक्टर मैदानावर हजर, आणि १०८ नंबर मोठ्या अक्षरात टेबलावर चिकटवलेला. पालकांचं संमतीपत्र प्रत्येकाचं हवं.

आता पैशांचं, इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण हे माझ्या मनाला लागलेलं आहे. मी बावीस वर्षं पीटी शिकवली. एका शाळेत आम्ही असाच मदतनिधी केला होता, प्रत्येकाला स्पॉन्सर कार्ड दिलं, म्हणजे ओळखीच्या लोकांनी किती पैसे देणार ते लिहून सही करायचं कार्ड, आणि वर्गात फळ्यावर यादी लागली, कोणी किती आणले. माझ्याच सातवीच्या वर्गातला एक मुलगा, सगळ्यात चपळ, दौडीच्या दिवशी आलाच नाही. पोटात दुखतंय असं सांगितलं. नंतर कळलं त्याच्या कार्डावर एकही सही नव्हती, वडिलांची नोकरी गेलेली, आणि त्याला त्या यादीत आपल्या नावापुढे शून्य बघायचं नव्हतं. त्या यादीचा खडू माझ्या हातात होता. तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगते, पळायला पैसे लागता कामा नयेत. कार्ड घ्यायचं की नाही हे ऐच्छिक, कार्ड घरी न्यायचं आणि बंद पाकिटात परत आणायचं, आणि कोणाचं किती हे वर्गात कधीही वाचायचं नाही. बक्षीस फेऱ्यांना, खो-खोला, पैशांना बक्षीस नाही. हे तुमच्या कागदावर तिसऱ्या-चौथ्या ओळीत लिहा, मोठ्या बाईंना ते सगळ्यात जास्त पटेल बघा.

आणि रक्कम लहानच ठेवा. कॅनडात टेरी फॉक्स नावाचा एक तरुण होता, कॅन्सरमुळे एक पाय गेलेला, १९८० साली तो कृत्रिम पायावर रोज जवळपास मॅरेथॉनएवढं अंतर पळत होता, १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर, मग कॅन्सर फुफ्फुसात पसरला म्हणून थांबावं लागलं. त्याचं मागणं काय होतं, तर प्रत्येक कॅनेडियन माणसामागे एक डॉलर. १९८१ च्या फेब्रुवारीपर्यंत दोन कोटी चाळीस लाखांच्या वर डॉलर जमले, तेव्हाच्या कॅनडाच्या लोकसंख्येएवढे. तुम्ही पण असंच मागा. समजा दोनशे जणांनी कार्ड घेतलं आणि प्रत्येकाला तीन जणांनी पन्नास-पन्नास दिले तर तीस हजार होतात, पण बाईंच्या कागदावर त्याच्या निम्मेच लिहा, पंधरा हजार. जास्त आले तर आनंदच आहे.

फेरीमागे अमुक रुपये असं कार्ड केलंत तर वर मर्यादा लिहा, नाहीतर आजी दहा रुपये फेरी लिहून देते आणि नातू वीस मिनिटांत पस्तीस फेऱ्या मारून येतो, आजीची पंचाईत. मला विचाराल तर ठरावीक रक्कम बरी, आणि ती दौडीच्या आधीच घ्यायची, नंतर वसुली करत फिरणं फार जिवावर येतं.

कार्ड घेऊन अनोळखी बिल्डिंगमध्ये एकटीने जायचं नाही. आपली सोसायटी, नातेवाईक, ओळखीचे दुकानदार, बस्स. दुकानदारांकडे पैशांपेक्षा वस्तू मागा, डेअरीवाला ताक देईल, मेडिकलवाले बँडेज देतील, आणि त्यांचं नाव फळ्यावर लिहा. पक्षांचे बॅनर नकोत.

दोन शिक्षक आणि दोन विद्यार्थी, चौघांनी मिळून त्याच दिवशी पैसे मोजायचे, कागदावर चौघांच्या सह्या, रोकड दुसऱ्या दिवशी संस्थेच्या खात्यात. पावतीची स्थळप्रत जपून ठेवा. आणि आठवड्याभरात नोटीस बोर्डवर हिशोब लावा, जमा किती, खर्च किती, दिले किती, चिक्कीच्या बिलासकट. मला पण एक प्रत पाठवा.

प्रश्न: माझा मुलगा सहावीत आहे. शाळेतून क्रीडा मदतनिधीचं कार्ड आलंय, "किमान ५०० रुपये" असं लिहिलंय. आमच्या घरी दोन मुलं, दोन कार्डं. मुलगा म्हणतो नाही आणले तर टीचर ओरडतील. काय करू?
– एक आई, विक्रोळी

उत्तर: ताई, तुम्हाला जेवढं जमतं तेवढंच लिहा, पन्नास तर पन्नास, आणि काहीच जमत नसेल तर कार्ड कोरं परत करा. क्लास टीचरना एक चिठ्ठी द्या, सरळ शब्दांत, की मुलगा खेळणार आहे, पैसे देणं आत्ता जमत नाही. बहुतेक टीचरना हे "किमान" कोणी लिहिलं तेही माहीत नसतं, वरून छापून आलेलं असतं. तरी मुलाला कोणी बोललं तर पालक-शिक्षक संघाच्या मीटिंगमध्ये हा शब्द काढून टाकायची मागणी करा, तुमच्यासारखे अजून दहा जण तिथे गप्प बसलेले असतील. मुलाला मात्र आजच सांगा की तू पळायला जायचंच आहेस.

प्रश्न: शाळेच्या कार्यक्रमात संस्थेला दिलेल्या पैशांवर इन्कम टॅक्समध्ये सूट मिळते का?
– एक आजोबा, गिरगाव

उत्तर: संस्थेला ८० जी ची मान्यता असेल आणि तुम्ही जुन्या कररचनेत असाल तरच. दोन हजारांच्या वर रोख दिलेत तर सूट मिळत नाही, तेव्हा मोठी रक्कम चेकने किंवा ऑनलाइन द्या आणि पावतीवर तुमचा पॅन नंबर लिहून घ्या. नातवाच्या कार्डावर शंभर रुपये द्यायचे असतील तर पावती घ्या आणि त्याला पळताना बघायला जा.