वाचकांचे प्रश्न : बॅटरीवरचं हॅम स्टेशन

घराबाहेर, मोकळ्यावर हॅम (हौशी रेडिओ) स्टेशन लावणाऱ्यांची पत्रं या वेळी जास्त आली. त्यातले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : माझी १०० वॉटची एचएफ (लघुलहरी) रिग, म्हणजे रेडिओसंच, ७ एएचच्या (अँपिअर-अवरच्या) सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीवर लावतो. बॅटरी पूर्ण चार्ज असते, मीटरवर १२.८ व्होल्ट दिसतात. ऐकू सगळं छान येतं, पण पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबून बोलायला लागलं की डिस्प्ले विझतो आणि रिग नव्याने सुरू होते. केबल ३ मीटर लांब, दीड चौरस मिलिमीटरची आहे. बॅटरी गेली असं समजायचं का?

उत्तर : बॅटरी टाकायच्या आधी केबलकडे बघा. १२.८ व्होल्ट हे बॅटरी निवांत असतानाचं माप झालं. बोलताना रिगच्या सॉकेटवर किती उरतात, ते मोजायला हवं.

दीड चौरस मिमी तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे १२ मिलिओहम असतो. वीज जाते आणि परतही येते, म्हणून ३ मीटरची केबल हिशेबात ६ मीटर धरायची. रोध झाला सुमारे ७२ मिलिओहम. १०० वॉटला रिग २० अँपिअर ओढते, म्हणजे जवळजवळ दीड व्होल्ट केबलमध्येच गेला. त्यात ७ एएचची एवढीशी बॅटरी २० अँपिअर देताना स्वतःच १२ च्या खाली उतरते. बहुतेक १०० वॉटच्या रिगना १३.८ व्होल्ट, अधिक-उणे १५ टक्के लागतात. खालची हद्द ११.७ आणि तुमच्या रिगला मिळतात साडेदहाच्या आसपास. ती बंद न पडती तरच नवल.

दोष नेमका कुठे आहे ते असं शोधा. अँटेनाच्या जागी डमी लोड (पॉवर जिरवणारा नकली भार) लावा आणि मोड सीडब्ल्यू (मोर्स) किंवा एफएम ठेवा. एसएसबीत (एचएफवर बोलण्याचा नेहमीचा मोड) न बोलता पीटीटी दाबलं तर पॉवर निघतच नाही. मीटरची एक पिन बॅटरीच्या धन टोकावर, दुसरी रिगच्या सॉकेटजवळ धन तारेवर. चार-पाच सेकंद मोर्सची की किंवा पीटीटी दाबा. मीटरवर जो आकडा येईल तेवढा व्होल्टेज त्या वाटेत हरवतोय. ऋण बाजूलाही हेच करा, ती बाजू बहुतेक जण विसरतात. एका बाजूला ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर वाटेतला एकेक जोड तपासा: फ्यूज होल्डर, लग (तारेच्या टोकाची कडी), कनेक्टर. नीट क्रिम्प (दाबून घट्ट) न झालेला जोड हाताला गरम लागतो.

केबल १ मीटरची आणि ४ चौरस मिमीची केलीत तर हीच घट २० अँपिअरला ०.२ व्होल्टच्याही आत येते. रिग बॅटरीच्या जवळ न्या आणि लांबवायचीच असेल तर अँटेनाची कोॲक्स केबल लांबवा. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात २५ अँपिअरचा फ्यूज हवाच. रिगजवळचा फ्यूज रिग वाचवतो, मधल्या तारेवर शॉर्ट झाला तर तो काही करू शकत नाही.

एवढं करूनही ही बॅटरी १०० वॉटला अपुरीच पडेल. ७ एएच हा आकडा २० तासांत सावकाश, म्हणजे ०.३५ अँपिअरने रिकामी केल्यावरचा आहे. तीच बॅटरी तासाभरात संपवायला गेलात तर जेमतेम ४ एएचच्या आसपास हाती लागतात. तिच्यावर २०-२५ वॉटवर काम करा.

प्रश्न : आठ तास एसएसबी चालवायचं आहे. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी किती एएचची घ्यावी?

उत्तर : ऐकण्याचे आणि बोलण्याचे तास वेगळे मांडा. १०० वॉटची रिग ऐकताना सुमारे १ अँपिअर घेते. बोलताना शिखराला २० जात असले तरी आवाजाच्या चढउतारामुळे सरासरी ८ धरायला हरकत नाही. वेळेचा चौथा भाग बोलण्यात गेला, तर ६ तास × १ = ६ आणि २ तास × ८ = १६, एकूण २२ एएच. बॅटरीचे ८० टक्केच वापरायचे ठरवलेत तर साडेसत्तावीस, म्हणजे ३० एएचची घ्या. लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवायची नसते, त्यामुळे तिथे ४५ एएचचं धूड उचलावं लागेल.

पण पॉवर कमी करण्याचा विचार आधी करा. १०० वरून २५ वॉट म्हणजे ६ डेसिबल, समोरच्याच्या एस-मीटरवर (सिग्नलचा जोर दाखवणारा मीटर) एकच एस-युनिट. बँड उघडा (सिग्नल लांबवर पोचत) असेल तर कुणाच्या लक्षातही येत नाही. मात्र पॉवर चौथाई केली म्हणून करंट चौथाई होत नाही, मोठी रिग २५ वॉटलाही निम्म्याच्या आसपास खाते. खरी बचत हवी तर ५-१० वॉटची छोटी रिग बरी, कारण ती ऐकतानाही कमी घेते आणि दिवसाचा बराच वेळ ऐकण्यातच जातो. एफटी-८ (संगणकावरून छोटे डिजिटल संदेश पाठवणारा मोड) वापरणार असाल तर वरचा हिशेब चालणार नाही. तिथे १५ सेकंदांच्या पाळीत साडेबारा सेकंद सलग पूर्ण पॉवर जाते. सरासरी ८ न धरता रिगचा पूर्ण करंटच धरा आणि पॉवर उतरवा, नाहीतर बॅटरीच्या आधी रिग तापेल.

प्रश्न : लिथियम-आयनचे चार सेल सिरीजमध्ये जोडून पॅक केला तर चालेल का?

उत्तर : नाही. पूर्ण चार्ज झाल्यावर चार सेलचे १६.८ व्होल्ट होतात आणि रिगची वरची हद्द १५.९ च्या आत आहे. तीन सेल घेतलेत तर १२.६ पासून ९ पर्यंत घसरण. ती फक्त ९ व्होल्टपर्यंत चालणाऱ्या छोट्या रिगना पचते. आयर्न फॉस्फेटचे चार सेल जास्तीत जास्त १४.६ वर जातात आणि बराच काळ १३ च्या आसपास टिकतात. १२ व्होल्टच्या रिगला जणू मापाने शिवलेले.

प्रश्न : माझ्या १२ एएचच्या आयर्न फॉस्फेट बॅटरीवर १३ व्होल्ट दिसत होते आणि बोलता बोलता एकदम शून्य झाले. नंतर मीटरवर काहीच येईना. हे काय झालं?

उत्तर : आतल्या बीएमएसने (सेलची राखण करणाऱ्या सर्किटने) बॅटरी तोडली. कारणं मुख्यतः दोन. एक, बॅटरी खरोखर संपत आली होती. या बॅटरीचा व्होल्टेज ८० टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत जवळपास तसाच राहतो, त्यामुळे व्होल्टमीटरवरून अंदाज बांधणाऱ्याची फसगत ठरलेली. मध्ये एएच मोजणारा मीटर लावा. दुसरं कारण, बीएमएसची करंट मर्यादा. छोट्या पॅकमध्ये ती रिगच्या २० अँपिअरपेक्षा कमी असू शकते. घेताना एएचबरोबर सलग किती अँपिअर मिळतात तेही वाचा. तुटलेली बॅटरी परत जागी करायला भार काढा आणि तिच्याच प्रकारचा चार्जर लावा. तापमान शून्य अंशाखाली असेल तर मात्र चार्जिंग नको; सेलच्या आत धातुरूप लिथियम साचतं आणि बॅटरी कायमची बिघडते.

प्रश्न : सोलर पॅनेल जोडलं की ४० मीटर बँडवर एस-मीटरला एस-७ एवढा गोंगाट येतो. चार्ज कंट्रोलर काढून पॅनेल थेट बॅटरीला जोडू का?

उत्तर : थेट अजिबात जोडू नका. बॅटरी भरली की बीएमएस चार्जिंग तोडतं आणि पॅनेलचे मोकळे २१-२२ व्होल्ट त्याच तारांवरून रिगमध्ये शिरतात. गोंगाट कंट्रोलरच्या स्विचिंगचा आहे का ते आधी तपासा: पॅनेलची तार काढा, एस-मीटर खाली आला की चोर सापडला. मग कंट्रोलरच्या दोन्ही बाजूंना एकेक ३१ नंबर मिक्सची फेराइट रिंग घ्या. धन आणि ऋण तार एकत्र धरून रिंगमधून ८-१० वेढे द्या, बाकीच्या तारा एकमेकींभोवती पिळून ठेवा आणि पॅनेल अँटेनापासून जितकं लांब नेता येईल तितकं न्या. तरी ऐकू येतच असेल तर दोन बॅटऱ्या ठेवा, एकीवर काम करा आणि दुसरी लांब पॅनेलवर चार्ज करा. कंट्रोलर जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल.