लेट पोटेन्शियल शोधतोयस? आधी बीट नीट जुळव

अरे, थेट न्यूरल नेटवर्ककडे पळू नकोस. लेट पोटेन्शियल म्हणजे ईसीजीत क्यूआरएसच्या (प्रत्येक ठोक्यातल्या उंच टोकदार लाटेच्या) शेपटीला चिकटलेली काही मायक्रोव्होल्टची थरथर, एका बीटमध्ये ती नॉइजमध्ये पार बुडालेली असते, म्हणून बरेच बीट एकावर एक ठेवून अ‍ॅव्हरेज काढायचं, 100 बीट घेतले तर रँडम नॉइज साधारण 10 पट कमी होतो. पण जुळवताना दोन-तीन मिलिसेकंद जरी इकडेतिकडे झाले ना, तर नेमकी तीच थरथर पुसली जाते, माझा अख्खा महिना यात गेलाय. व्हीपीसी, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यातून अवेळी येणारे ठोके, आधीच बाजूला काढ. आणि एमआयटी-बीआयएच या अमेरिकन ईसीजी डेटाबेसवर 50 हर्ट्झचा नॉच (विजेच्या लाईनची गुणगुण कापणारा फिल्टर) लावू नकोस, अमेरिकेतली लाईन 60 ची! तिथलं सॅम्पलिंगही 360 हर्ट्झच, त्यापेक्षा पीटीबी या दुसऱ्या ईसीजी डेटाबेसचा 1000 हर्ट्झचा डेटा घे, हार्ट अ‍ॅटॅकचे पेशंटही त्यात भरपूर आहेत.