पेट्रोक्लायव्हल मेनिन्जिओमा: आधी ऑपरेशन की डायरेक्ट गॅमा नाईफ?

ताई, तुमचं सगळं वाचलं. आई ५८ वर्षांच्या, एकाचे दोन दिसतात, एमआरआयमध्ये पेट्रोक्लायव्हल भागात (कवटीच्या तळाशी, ब्रेनस्टेमसमोर) २.८ सेंमीची मेनिन्जिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ, थोडी कॅव्हर्नस सायनसमध्ये (डोळ्यामागची नसा-रक्तवाहिन्यांची जागा) शिरलेली, नाशिकचे सर्जन म्हणतात उघडू, मुंबईचे म्हणतात डायरेक्ट गॅमा नाईफ (न उघडता नेमकं रेडिएशन), आणि शिरपूरला घरात रोज नवीन सल्ला. मी डॉक्टर नाही बरं का, पण आमच्या सौ.ची गाठ कवटीच्या तळाशीच होती, ऑपरेशन झालं आणि उरलेल्या भागाला रेडिएशनही, त्यामुळे या ओपीड्यांमध्ये बरंच बसलोय.

पहिलं म्हणजे दोघांपैकी एक डॉक्टर खोटा असं धरून चालू नका. दोघांनाही एकच विचारा, ब्रेनस्टेम (मेंदूचा खालचा देठ) दबलाय का? दबला असेल, चालताना तोल जात असेल, गिळताना ठसका लागत असेल किंवा मेंदूत पाणी साचायला लागलं असेल तर ऑपरेशन आधी, कारण रेडिएशनने दाब लगेच उतरत नाही, उलट कधीकधी सुरुवातीला सूजच वाढते. दबलेला नसेल तर ३ सेंमीच्या आतल्या गाठीला गॅमा नाईफ हा पूर्ण इलाज आहे, टाईमपास नाही.

आता ऑपरेशनचं. १९५७ साली सिम्पसन नावाच्या सर्जनने गाठ किती काढली त्यावर ग्रेड पाडले, जितकी जास्त काढाल तितकी परत येण्याची शक्यता कमी, आणि कवटीच्या वरच्या बाजूच्या गाठींना ते आजही लागू पडतं. पण तळाशी हिशोब वेगळा आहे. तिथे गाठीला डोळे फिरवणाऱ्या, चेहऱ्याच्या, ऐकण्याच्या, गिळण्याच्या नसा चिकटलेल्या, शेजारी बॅसिलर आर्टरी, कॅव्हर्नस सायनसमध्ये तर कॅरोटिडच आतून जाते, दोन्ही मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या. बोरीच्या काट्यात अडकलेलं लुगडं हिसकलं तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून आता चांगले सर्जन ब्रेनस्टेम मोकळा करतात, सुटेल तेवढी गाठ काढतात, नसांवर मॉनिटरिंग ठेवतात आणि चिकटलेला तुकडा मुद्दाम सोडतात, त्याला मग रेडिएशन. आमच्याकडे तेच झालं आणि गावाकडून भेटायला आलेले एक काका आयसीयूबाहेरच म्हणाले, "पुरी गाठ काढी नही ते पैसा कसाले लिधा?" मला तेव्हा खूप राग आलेला. पण खरं सांगू का, जो सर्जन या जागेची गाठ "शंभर टक्के काढून देतो" म्हणतो त्याच्याकडून मी तरी उठून येईन. त्यापेक्षा त्यांना विचारा की अशा पेट्रोक्लायव्हल केसेस ते स्वतः वर्षाला किती करतात, आणि ऑपरेशननंतर चेहरा वाकडा होणं, डोळा न मिटणं, गिळायला त्रास याचं प्रमाण त्यांच्याकडे काय आहे.

गॅमा नाईफमध्ये सुरी नसते, कोबाल्टचे जवळपास २०० बारीक किरण एकाच जागी आणतात. बहुतेक ठिकाणी डोक्याला लोकल भूल देऊन फ्रेम बसवतात, एका दिवसाचं काम. गाठीच्या कडेला साधारण १२ ते १४ ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक) डोस. अडचण येते ती डोळ्याच्या नसेची, एका बैठकीत तिच्यावर साधारण ८ ग्रेच्या आसपासच ठेवायला बघतात, म्हणून गाठ आणि नस यात २-३ मिमी तरी जागा लागते. तेवढी नसेल तर एका बैठकीऐवजी थोडं थोडं रेडिएशन, रोज १.८ ग्रेप्रमाणे २८ ते ३० दिवस, एकूण ५०.४ ते ५४ ग्रे. सौ.ला हेच दिलं, शनिवार-रविवार सुट्टी धरून सहा आठवडे खोली करून राहावं लागतं, त्याचा खर्च आधीच धरा. (प्रोटॉन नावाच्या वेगळ्या रेडिएशनचं कोणीतरी सांगेलच, खारघरला टाटांच्या सेंटरमध्ये आहे, पण प्रत्येक साध्या गाठीला ते लागतंच असं नाही.)

आणि हे घरच्यांना नीट समजावा की रेडिएशननंतर गाठ गायब होत नाही. वाढ थांबली की जिंकलो, आकार कमी झाला तर हळूहळू, काही वर्षांत. पहिल्या एमआरआयमध्ये गाठ तेवढीच दिसली की लोक रडायला लागतात.

एक गोष्ट कोणी सांगत नाही, डायरेक्ट गॅमा नाईफ केलं तर तुकडा तपासायला जात नाही, गाठीचा ग्रेड (ती किती आक्रमक आहे ते, सिम्पसनचा ग्रेड वेगळा) एमआरआयवरूनच धरतात. बहुतेक मेनिन्जिओमा ग्रेड १ च असतात म्हणून ते चालतं, पण गाठ झपाट्याने वाढलेली असेल तर हा मुद्दा काढाच, ग्रेड २-३ निघाली की सगळा प्लॅन बदलतो.

तिसरं मत घ्यायचं असेल तर फिल्म नको, एमआरआयची सीडी न्या, आणि जाण्याआधी पेरीमेट्री (नजरेचा आवाका), ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी), पिट्युटरी ग्रंथीचे हार्मोन करून ठेवा, नंतर तुलनेला लागतात. आईने पूर्वी बरीच वर्षं हार्मोनची औषधं घेतलीत का तेही सांगा, विशेषतः सायप्रोटेरोन किंवा मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनची इंजेक्शनं. डेक्सा (सूज उतरवायचं स्टेरॉइड) चालू केली असेल तर शुगर बघत राहा. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते त्या त्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला आधीच विचारा, ॲडमिट झाल्यावर नाही. गाठ विरघळवणाऱ्या काढ्याचं नाव आत्तापर्यंत कोणीतरी दिलंच असेल, त्यात महिने घालवू नका.

रिपोर्टमधली ब्रेनस्टेम आणि ऑप्टिक नर्व्हची ओळ इथे टाईप करा, आईचं नाव आणि नंबर न टाकता, मग पुढचं बोलू.