धुराड्यावर आधी घमेलं पालथं घाल

अरे,

तुझा मेसेज परवा रात्री बघितला आणि फोटो तर झूम करकरून बघत बसलो, शेवटी काकू ओरडली की डोळ्यात ड्रॉप घातलेत ना, झोपा आता. साखर कारखान्याच्या गेटजवळ चौथऱ्यावर उभं असलेलं रेल्वेचं छोटं जर्मन इंजिन, ते हलवून तिथे पार्किंग करायचं चाललंय, आणि तुम्ही पाच जण म्हणताय आम्ही नेतो, दोन वर्षांत वाफेवर चालवून दाखवतो. वाचून खरंच बरं वाटलं. दोन वर्षांचं तेवढं विसर.

पाटीवर ओरेनस्टाइन अँड कोपेल दिसतंय, म्हणजे माथेरानच्या इंजिनांचं चुलत भावंडच म्हणायचं. माथेरानची चारही इंजिनं याच कंपनीची, १९०५ ते १९०७ मधली, डिझाइन कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरचं, तोच ज्याने १८९७ ला बार्शी लाइट ही छोटी रेल्वे सुरू केली. त्या चारातलं एक इंग्लंडला गेलंय, तिकडच्या हौशी लोकांनी नेऊन जपलंय. पण माथेरानच्या इंजिनांत वळणावर ॲक्सल बाजूला सरकायची खास सोय होती, तुझ्या ऊस ओढणाऱ्या इंजिनात तसलं काही असायची शक्यता कमी, आणि ते बरंच आहे, जेवढं साधं तेवढं तुमच्या हाताला झेपेल.

आता माझं सांगतो, जे मी सहसा कोणाला सांगत नाही. मी फुलराणीच्या वयाचा माणूस, पुण्यात पेशवे पार्कात मुलांची ती छोटी गाडी १९५६ ला सुरू झाली आणि मीही त्याच साली. मुंबईच्या बाजूला तर १९२९ पासून विजेवरच्या गाड्या, त्यामुळे आमच्या लहानपणी पुण्यात वाफ बघायची तर मिरज नाहीतर दौंडकडे तोंड करून उभं राहायला लागायचं, ते वेड काही गेलं नाही. नव्वदच्या दशकात आम्ही चौघांनी असंच एक इंजिन आणलं, भोसरीत एकाच्या शेडमध्ये ठेवलं आणि तीन रविवारांत सगळं खोललं. काय उत्साह होता रे! बोल्ट श्रीखंडाच्या डब्यांत, डब्यांवर नाव नाही, चिठ्ठी नाही, वाटलं लक्षात राहील. मी स्वतः इंजेक्टर, म्हणजे बॉयलरमध्ये पाणी ढकलणारं यंत्र, उघडला, आत तीन पितळी कोन असतात, एकातून वाफ घुसते, दुसऱ्यात तिला पाणी मिळतं, तिसऱ्यातून ते पाणी जोरात बॉयलरमध्ये जातं, पुढच्या रविवारी बघतो तर कुठला कुठल्या तोंडाने बसला होता ते आठवेना. मग एकाची बदली झाली, एकाच्या मुलीचं लग्न, शेडवाल्याला जागा हवी होती, आणि सहा वर्षांनी आमचं इंजिन वजनावर गेलं. रेग्युलेटरचा, म्हणजे वाफ सोडायचा, दांडा मी ठेवून घेतला, अजून गॅलरीत कुंड्यांच्या मागे आहे.

म्हणून सांगतो, जेवढं परत बंद करता येईल तेवढंच उघडायचं. पहिलं वर्षभर तर पाना हातात धरायचाच नाही असं ठरवा. फोटो, मापं, पत्र्याचे बिल्ले. एकेका नळीला, एकेका कॉकला नंबर ठोकलेला बिल्ला तारेने बांधायचा आणि तोच नंबर वहीत, वही म्हणजे खरी कागदाची वही, फोनमध्ये नाही, फोन बदलला की सगळं जातं. आटे तपासून घ्या, जर्मन म्हणजे मेट्रिक असणार, पण मधे कारखान्यातल्या फिटरने जे हाताला लागलं ते व्हिटवर्थचं, म्हणजे इंग्रजी इंचाच्या आट्यांचं, घुसवलेलं असू शकतं, तिथे जोर लावलात की बोल्ट तुटला.

आणि बॉयलरवरच्या पत्र्याच्या आत पांढरं चुन्यासारखं काही दिसलं तर हात लावू नका, ते ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्याची धूळ फुफ्फुसात गेली की घात. फुंकर मारून बघायला जाऊ नको, तुझी सवय मला माहितीये. ते काढणारी माणसं वेगळी असतात, पैसे गेले तरी त्यांनाच बोलवा.

बॉयलर सांगेल इंजिन चालणार की नुसतं उभं राहणार, तुम्ही नाही ठरवायचं. घरच्या कुकरला साधारण एक किलो प्रेशर असतं, इथे दहा-बारा, आणि एक लिटर पाण्याची मोकळ्या हवेत सोळाशे लिटरच्या वर वाफ होते, त्यामुळे इथे हौस चालत नाही. आमचे मामा कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात बॉयलरमेकर होते. फायरबॉक्सचा, म्हणजे जिथे कोळसा जळतो त्या पेटीचा, आतला पत्रा आणि बाहेरचा पत्रा एकमेकांना शेकडो स्टेनी, म्हणजे आडव्या छोट्या दांड्यांनी, धरलेला असतो, मामा दिवा घेऊन आत शिरायचे आणि लहान हातोडीने एकेका स्टेवर टकटक करत जायचे. धड असला तर टण्ण, तुटलेला असला तर फुटक्या मडक्यासारखा भद्द. एकदा मला आत घेतलं होतं, मला दोन्ही सारखेच ऐकू आले, ते हसले नाहीत, म्हणाले परत ऐक. तुम्ही अल्ट्रासॉनिकने पत्र्याची जाडी मोजून घ्या, भोसरी-चाकणला करणारे ढीगभर आहेत, पण हातोडीवालाही एक शोधा. नंतर पाणी भरून नेहमीच्या दीडपट प्रेशरला टेस्ट, पाण्याने अशासाठी की पाणी दाबलं जात नाही, काही फुटलं तर गळतं, उडत नाही. आणि बॉयलर इन्स्पेक्टरला शेवटी नाही, सुरुवातीलाच भेटा. १९२३ च्या कायद्याच्या जागी आता २०२५ चा नवा आलाय, तो तुम्ही वाचून जा, म्हणजे ते तुम्हाला खेळणारी पोरं समजणार नाहीत.

बॉयलर गेलेला निघाला तर रडत बसू नको. वेल्समध्ये बॅरी गावात एका भंगारवाल्याच्या यार्डात समुद्राच्या खाऱ्या हवेत इंजिनं वर्षानुवर्षं उभी होती, २९७ पैकी २१३ हौशी लोकांनी सोडवून नेली. सोडवून नेली म्हणजे सगळी धावली असं नाही हं. आपल्याकडे फेअरी क्वीन, लीड्सची, १८५५ ची, १९९७ ला परत धावली, पण तिच्यामागे पेरांबूरचं अख्खं वर्कशॉप होतं. तुमच्यामागे पाच मोटरसायकली आहेत.

ओतकामाचं म्हणशील तर कोल्हापूर. लाकडी पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, करणारा म्हातारा कारागीर सापडला तर सोडू नका, ओतीव लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आक्रसतं, पितळ त्याहून जास्त, तो हिशोब त्याच्या पट्टीतच असतो. पण हे सगळं फार पुढचं.

आत्ताचं सांगतो. तुझ्या तिसऱ्या फोटोत धुराडं वरून उघडं दिसतंय. दर पंधरा ऑगस्टला कोणीतरी बाहेरून काळ्या रंगाचा हात मारलाय म्हणून ते झकास दिसतंय, पण दर पावसाळ्यात पाणी सरळ धुराड्यातून खाली स्मोकबॉक्समध्ये, म्हणजे धूर गोळा होतो त्या पेटीत, गेलंय, तिथे जुनी राख असते, तिच्यात गंधक, ओली झाली की ॲसिड, ते तळाचा पत्रा खाऊन टाकतं. ट्रेलर, हायड्रा क्रेन, परवानगी याला महिने जातील आणि पाऊस पंधरा दिवसांवर आलाय.

तर या रविवारी जाऊ. मला सातला स्वारगेटला घे, मी मामांची हातोडी आणतो. तू मास्क, टॉर्च, जुने कपडे आण, रंगाचा डबा अजिबात आणायचा नाही, आणि येताना रविवार पेठेतून एक मोठं लोखंडी घमेलं घे, बांधायला तार पण. धुराड्याचा व्यास आधी फोन करून वॉचमनला मोजायला सांग, नाहीतर लहान घमेलं घेऊन येशील.

काका