टीव्ही लावलास, आता पोरांना रिमोट दे

प्रिय मित्रा,

लोकवर्गणीतून टीव्ही आला आणि तो भिंतीवर बसेपर्यंत तू रात्री आठपर्यंत शाळेत थांबलास, हे वाचून फार आनंद झाला. आपल्या शाळांच्या केंद्रातलं कुणी "दोन महिन्यांत उतरेल हा उत्साह" म्हणालं तर मनावर घेऊ नकोस.

माझ्या वर्गात पहिल्यांदा प्रोजेक्टर आला तेव्हा मी मिळेल ते दाखवत सुटलो होतो. पोरं टक लावून बघायची, मीही खूश. महिनाभराने तोंडी प्रश्न विचारले तर चित्रं सगळ्यांना आठवत होती, त्यामागचं कारण मात्र कुणालाच सांगता येईना. सगळं मीच करत होतो, त्यांच्या हाताला काही कामच नव्हतं. म्हणून पाठटाचण, म्हणजे तासाची लेखी तयारी, काढताना आधी एवढंच लिही: या पाठात मुलं नेमकी कुठे अडतात? टीव्ही तिथेच लाव.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेव्हा चर्चा झाली ती पुस्तकातल्या क्यूआर कोडची. मला त्याआधीचं पाऊल मोठं वाटतं. मुलांच्या घरची भाषा कन्नड, म्हणून ते आधी कन्नड शिकले, असं पुरस्काराच्या वेळी सांगितलं गेलं.

त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश, हे तू सांगशील आणि मुलं माना डोलावतील. त्याऐवजी कागदी त्रिकोणाचे तिन्ही कोपरे फाडून एका रेषेत जोडायला लाव. मग टीव्हीवर जिओजेब्रा हे भूमितीचं अ‍ॅप उघड आणि एखाद्या मुलीला शिरोबिंदू ओढू दे. त्रिकोण लांबतो, चपटा होतो, तिन्ही कोनांचे आकडे पळत राहतात, बेरीज जागची हलत नाही. तिला हवा तितका वेळ ओढू दे, मध्ये बोलू नकोस.

पण माझं सगळ्यात लाडकं साधन तुझ्या खिशातच आहे: मोबाइलमधला आवाजाचा रेकॉर्डर. फोन चार्ज असला की त्याला वर्गात वीजही लागत नाही, रेंजही नाही. तिसरीतलं अडखळत वाचणारं पोर घे, त्याच्याकडून पाच ओळी वाचून घे आणि त्यालाच ऐकव. माझ्याकडचा एक मुलगा शब्दांची शेवटची अक्षरं गिळायचा. वर्षभर मी टोकून थकलो होतो. स्वतःचा आवाज एकदा ऐकला आणि आपणहून म्हणाला, "गुरुजी, थांबा, परत वाचतो." त्या दिवशी त्याने तोच उतारा चार वेळा वाचला. प्रत्येक रेकॉर्डिंगला तारीख घाल. पालकसभेत आईला तिच्या लेकराचं आधीचं आणि आताचं वाचन ऐकव, पण बाजूला बोलावून, चारचौघांत नको. ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही, तिलाही ते ऐकून पोराची प्रगती कळते.

तुझ्या वर्गातल्या एका मुलाचं वाचन या आठवड्यात रेकॉर्ड कर, दुसरं दिवाळीच्या सुट्टीआधी. दोन्ही मला ऐकायची आहेत, सुट्टीत घरी येशील तेव्हा मोबाइल घेऊनच ये.

तुझा,
गुरुजी