निघून जाणाऱ्या मुलांची नोंद ठेव

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र वाचले. तुमच्या वस्तीतील मोकळ्या जागेवर मुलामुलींसाठी रोज संध्याकाळी फुटबॉल आणि खो-खो सुरू करण्याचा तुझा बेत आहे आणि पहिल्याच वर्षी जिल्हा स्पर्धेत संघ उतरवण्याची तुझी इच्छा आहे. बेताला माझा मनापासून पाठिंबा आहे. इच्छेविषयी मात्र थोडे सविस्तर लिहितो.

कोल्हापुरात वाढलेल्या मुलाला पदकाचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. नेमबाजीत २०१० साली म्युनिक येथे तेजस्विनी सावंत विश्वविजेत्या झाल्या, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत राही सरनोबत यांनी सुवर्णपदक मिळवले आणि २०२४ मध्ये राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसमध्ये ऑलिंपिक कांस्य आणले. या यशाचा अभिमान मलाही आहे. पण कुसाळे काय किंवा २०१७ च्या सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकात खेळलेला आपला अनिकेत जाधव काय, दोघेही शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घडले. असामान्य गुणवत्तेच्या मुलासाठी निवड चाचणी, निवासी प्रशिक्षण आणि पुढची स्पर्धा असा मार्ग उपलब्ध आहे, आणि तसे मूल तुला आढळले तर त्याला त्या मार्गावर पोहोचवणे हे तुझे कर्तव्य आहे. तुझ्या मैदानावरची बहुसंख्य मुले मात्र तिथवर जाणार नाहीत. तुझा उपक्रम त्यांच्यासाठी आहे, हे आधी मनाशी पक्के कर. कारण पहिल्या वर्षीच संघ निवडलास तर पंधरा जण आत राहतील आणि ज्यांना मैदानाची सर्वांत जास्त गरज आहे ते आठवड्याभरात यायचे बंद होतील.

आपल्या तालमींनी हे काम कसे केले ते एकदा जवळून पाहा. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले, हे सगळेच सांगतात. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पहाटेची आखाड्यातली शिस्त. लाल मातीत तेल, हळद, लिंबू, ताक घालायचे, ती खोऱ्याने उकरून भुसभुशीत करायची आणि मगच लढतीला उभे राहायचे. हे काम कालच आलेल्या पोराला करावे लागते आणि मैदाने मारलेल्या मल्लालाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाला तिथे रोज दिसते की ज्याच्या नावाने मैदानात शिट्ट्या पडतात तो पैलवानही खाली वाकून माती उकरतो, आणि आपण आलो नाही तर वस्ताद 'काल कुठं होतास?' असे नाव घेऊन विचारतात. लहानपणी असे विचारणारे घराबाहेरचे एक मोठे माणूस लाभणे हा मुलाच्या आयुष्यातील फार मोठा आधार असतो. खेळामुळे मूल आपोआप सुधारते, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ते सुधारते खेळाच्या निमित्ताने मिळालेल्या माणसांमुळे, आणि ती माणसे चुकीची असतील तर त्याच मैदानावर बिघडतेही.

म्हणून हजेरीची वही हे तुझे मुख्य साधन समज. सलग तीन दिवस न आलेल्या मुलाच्या घरी चौथ्या दिवशी स्वतः जा. आठवी-नववीत गळती सुरू होते आणि कारणे बहुधा साधी असतात: क्लासची वेळ बदलली, वडिलांनी उद्यमनगरातल्या कारखान्यात हाताखाली घेतले, बूट फाटले आणि सांगायची लाज वाटली. यांतील निम्म्या अडचणी वेळ थोडी बदलल्याने किंवा बुटांचा एक जोड मिळवून दिल्याने सुटतात. पण कोणी विचारायलाच गेले नाही तर ते मूल चौकातल्या कट्ट्यावर बसू लागते.

मुलींच्या बाबतीत अधिक काळजी घ्यावी लागेल. बाराव्या-तेराव्या वर्षी मुलगी यायची थांबते तेव्हा तिची आवड संपलेली नसते. जवळपास स्वच्छ स्वच्छतागृह नसते, कपडे बदलायला आडोसा नसतो आणि आईला अंधार पडल्यावरच्या परतीच्या वाटेची चिंता असते. मुलींचा सराव उजेड असेपर्यंत संपव, एखादी महिला प्रशिक्षक किंवा मोठी खेळाडू रोज हजर राहील असे पाहा, आणि पालकांची पहिली बैठक मैदानातच घे.

पेठेच्या अभिमानाविषयीही लिहायला हवे. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठच्या पेठ लोटते. आपल्या फुटबॉलचा प्राण त्या प्रेमात आहे. त्याच प्रेमापोटी हुल्लडबाजी होते, पोरांवर गुन्हे नोंद होतात आणि पुढे नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीची वेळ आली की घरचे डोक्याला हात लावून बसतात. तुझ्याकडे गल्लीनुसार संघ पाडू नकोस. दर महिन्याला संघ बदल, कर्णधारपद फिरते ठेव आणि प्रत्येक मुलाला आळीपाळीने पंचाची शिट्टी दे. स्वतः दिलेल्या निर्णयावर मित्रांचा राग सोसलेला मुलगा पुढच्या सामन्यात पंचाच्या अंगावर सहसा धावून जात नाही.

मदतीला घेशील त्या प्रत्येक प्रौढाची नीट चौकशी कर. बंद खोलीत कोणीही एका मुलासोबत एकटे राहायचे नाही, शिवीगाळ करायची नाही, अंगावर हात टाकायचा नाही, हे लेखी ठेव. लैंगिक छळाची शंका आली तर प्रकरण आपसांत मिटवू नकोस. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ताकद वाढवण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या पावडरी आणि गोळ्या मैदानात येऊ देऊ नकोस.

पालक दहावीच्या गुणांविषयी विचारतील. वाढीव क्रीडागुण आणि सरकारी नोकरीतील पाच टक्के खेळाडू आरक्षण हे ठरावीक पातळीच्या स्पर्धांतील कामगिरीलाच लागू होते, हे स्पष्ट सांग. आमिष दाखवून जमवलेली मुले निकाल लागला की जातात.

जिल्हा स्पर्धेचा विचार दुसऱ्या वर्षी करू. तोवर पिण्याचे पाणी, प्रथमोपचाराची पेटी आणि प्रत्येक मुलाच्या घरचा फोन नंबर एवढी तयारी कर, आणि पहिल्या महिन्याची हजेरीची वही घेऊन मला भेट. यायची थांबलेली मुले कोणती, हे आपण दोघे बसून पाहू.

तुझा हितचिंतक