सायकलिंगच्या वर्ल्ड चॅम्पियनशिप रोड रेसचा मार्ग डोंगराळ असला की जेतेपदाचे दावेदार का बदलतात?

कारण चढावर एकूण ताकदीपेक्षा दर किलो वजनामागे किती ताकद लावता येते हे महत्त्वाचं ठरतं, आणि वेग मंदावल्यामुळे पुढच्याच्या आडोशाने वारा चुकवण्याचा फायदाही फारसा उरत नाही. म्हणजे धिप्पाड स्प्रिंटर्सची, म्हणजे शेवटच्या काही मीटरमध्ये सुसाट वेग घेणाऱ्यांची, लपायची जागाच जाते. मी ही शर्यत नेमाने पाहतो, आणि निकालांतही हेच दिसतं. 2011 साली कोपनहेगनचा मार्ग सपाट होता, तिथे मार्क कॅव्हेंडिश जिंकला. 2018 मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला इगल्सची चढण पुन्हा पुन्हा होती आणि शेवटी होटिंगर होल नावाची चढण, जिथे चढ काही ठिकाणी 28 टक्क्यांवर जातो आणि सायकल अक्षरशः रांगते. आधीची सलग तीन वर्षं जिंकलेला पीटर सागान तिथे शर्यत पूर्णही करू शकला नाही. जिंकला 38 वर्षांचा आलेहांद्रो वाल्वेर्दे. 2025 मध्ये रवांडातल्या किगालीत तर 267 किलोमीटरमध्ये पाच हजार मीटरहून जास्त चढ होता. विजेत्या तादेय पोगाचारने शंभरेक किलोमीटर बाकी असतानाच हल्ला चढवला, आणि शेवटपर्यंत पोचले जेमतेम तीसेक जण.

पण म्हणून टूर द फ्रान्सचा प्रत्येक घाटवीर इथे दावेदार नसतो. इथले बरेच चढ छोटे असतात. सहा तास दमल्यावरही दोन-तीन मिनिटांची जोरदार मुसंडी पुन्हा पुन्हा मारावी लागते, तीही नेहमीच्या व्यावसायिक संघाऐवजी राष्ट्रीय संघाकडून, संघाच्या सूचना देणारा रेडिओ कानात नसताना.